मिठाचा अंदाज

२०२० च्या ऑगस्टमधल्या एका रात्री मी पातेलंभर गरम स्ट्यू कचऱ्याच्या डब्यात ओतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो करणाऱ्या बाईंना कुंपणावरून सांगितलं, की असा स्ट्यू मी जन्मात खाल्ला नव्हता. हे अक्षरशः खरं असल्यामुळे आपण खोटं बोललो असं मला पुढची पाच वर्षं वाटलंच नाही.

त्या वेळी मेलबर्नमध्ये रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी होती आणि दिवसा घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. आमच्या घरी तीन आठवड्यांचं बाळ, बाळंतपणाला यायची ती आई विमानं बंद म्हणून सांगलीतच अडकलेली, आणि बाळंतिणीचा सगळा कारभार माझ्या हातात. म्हणजे बाळंतीण डिंकाच्या लाडवांऐवजी टोस्ट खात होती. पलीकडच्या आजींना हे कुंपणावरून दिसत असावं. (त्यांना आम्ही घरात ‘पलीकडच्या आजी’ म्हणतो. तोंडावर अर्थातच नावाने, तेही नुसत्या. इथली रीतच ती. आता ब्याऐंशीच्या असलेल्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते, म्हणून मी बहुतेक वेळा हाक मारण्याऐवजी खोकतो.) एका संध्याकाळी दारात जाड बुडाचं पातेलं, त्यावर टॉवेल, टॉवेलवर चिठ्ठी. बीफ, बार्ली आणि मशरूमचा स्ट्यू आहे, बाळाच्या आईला ताकद येईल.

आमच्या घरात मासे-मटण सगळं चालतं. बीफ चालत नाही. यात तत्त्व किती आणि सवय किती, हे मी कधी तराजूत घालून पाहिलेलं नाही. माझ्या ओळखीची निम्मी मराठी मंडळी इथे बाहेर बर्गर खातात आणि घरात आणत नाहीत. उरलेली निम्मी बाहेरही खात नाहीत, पण खाणाऱ्यांच्या बर्गरशेजारच्या चिप्स उचलतात. मी चिप्सवाल्यांपैकी. तेव्हा पातेल्याचं करायचं काय? अन्न टाकू नये हे लहानपणापासून पाठ. पण पाच किलोमीटरच्या आत बीफ खाणारा ओळखीचा माणूस नव्हता, आणि असता तरी संचारबंदीत पातेलं घेऊन निघालेल्या इसमाने पोलिसाला काय सांगायचं? शेवटी रात्री साडेआठला चोरासारखा बाहेर पडलो, डब्याचं झाकण आवाज न करता उघडलं आणि मनातल्या मनात अन्नपूर्णेची माफी मागितली. ती माफी बीफपर्यंत पोचते की नाही याची कल्पना नाही.

पुढचं माझ्या तोंडाने केलं. “कसा झाला होता?” या प्रश्नाला “छान” एवढं पुरलं असतं. मी बार्लीचं वेगळं कौतुक केलं. मशरूमचंही केलं. आजी इतक्या खूश झाल्या की २०२१ च्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाककृतीचं कार्ड लिहून दिलं, ‘माझ्या स्ट्यूच्या सर्वांत मोठ्या चाहत्याला’ असं वर लिहून. बायकोने ते फ्रिजवर लावलं. शिक्षा म्हणून.

२०२५ च्या जूनमध्ये आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा आई आमच्याकडे होती, वाती वळायला सांगलीचा कापूस घेऊन आलेली. शेजारीण अंथरुणाला खिळलीय आणि आपला मुलगा कुंपणावरून नुसता हात हलवतो, हे तिला पाहवेना. “डबा ने,” ती म्हणाली. “आपल्याकडे असं असतं होय?” वरण-भात न्यावा, असा माझा विचार होता. पण आजी घरी आल्यावर भेटायला गेलो, त्यांनी उशीला टेकून माझा हात हातात घेतला, आणि माझ्या तोंडाने पुन्हा माझा सल्ला घेतला नाही.

“शनिवारी संध्याकाळी मी तुमचाच स्ट्यू करून आणतो,” मी म्हणालो.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “पण बाळा, ती बार्ली...” त्या म्हणाल्या.

“बार्लीची काळजी माझी,” मी त्यांना मध्येच थांबवलं. “तुम्ही काही बोलू नका.”

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करतो. मे महिन्यात आमचा मराठी मित्रांचा गट मॉर्निंग्टन द्वीपकल्पावरच्या पाइनच्या जंगलात गेला होता. शरदात तिथे पाइनखाली केशरी रंगाच्या अळंब्या उगवतात, जाणकार त्या टोपल्या भरभरून नेतात. आम्ही फक्त फोटो काढले. पण आजींना ते फोटो दाखवताना मी जो काही आव आणला, त्यावरून त्यांची अशी समजूत झाली असणार की हा माणूस रानातलं ओळखून खातो. रानातली म्हणाल तर मी आजवर एकच अळंबी खाल्ली आहे, आणि तीही कोकणातल्या मावशीने केळीच्या पानातून विकत आणलेली.

त्या वर्षी आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी आली. आईचा चातुर्मास बसला, कांदा-लसूण बंद झालं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी ७ जुलैला, मोरवेलच्या कोर्टात त्या खटल्याचा निकाल लागला. व्हिक्टोरियात राहणाऱ्याला कुठला खटला ते सांगायला नको. २९ जुलै २०२३ ला लिओनगाथा या गावातल्या एका घरी जेवणाचं बोलावणं होतं, बीफ वेलिंग्टनमध्ये डेथ कॅप जातीच्या विषारी अळंब्या होत्या, तीन पाहुणे गेले, चौथा कसाबसा वाचला. दहा आठवडे खटला चालला आणि ज्युरीने यजमानीणबाईंना दोषी ठरवलं. यात विनोदाची जागा नाही आणि मी ती काढणारही नाही. सांगायचंय ते एवढंच, की त्या आठवड्यात आमच्या राज्यात ट्रेनमध्ये, ऑफिसात, शाळेच्या फाटकाशी दुसरा विषय नव्हता. डेथ कॅप ओकच्या झाडाखाली उगवतात आणि शिजवून त्यांचं विष जात नाही, हे आमच्या अकरा वर्षांच्या लेकीपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी, १२ तारखेला, एका ब्याऐंशी वर्षांच्या शेजारणीला मी बीफ आणि मशरूम एकाच भांड्यात घालून खायला घालणार होतो. घरातल्या कुणालाही हे विचित्र वाटलं नाही. मला तर नाहीच.

शुक्रवारी खरेदी. कार्डावर पहिलीच ओळ होती, ग्रेव्ही बीफ एक किलो. मी खाटकासमोर उभं राहून शक्य तितक्या सराईत आवाजात मागितलं. त्याने लालभडक मांस तोलून कागदात गुंडाळून समोर ठेवलं.

“आणि ग्रेव्ही?” मी विचारलं.

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. “ती तुला करायचीय, मेट.”

इथे ग्रेव्ही बीफ म्हणजे जनावराच्या पोटरीचं मांस, हे मला रात्री वसईच्या मित्राने सांगितलं. तो जीलाँगला असतो आणि बीफच्या बाबतीत आमच्या गटाचा एकमेव अधिकारी पुरुष. “नळीभोवतीचं, चिवट, शिरांनी भरलेलं,” तो म्हणाला. “स्वस्त म्हणून नाक मुरडू नकोस. त्या शिरा मंद आचेवर तीन तासांनी वितळतात, त्यानेच रस्सा दाट होतो. महागातलं लुसलुशीत मांस स्ट्यूला घेतोस तर चपलेचा तळवा खाशील.” मी खाणार नाही, हे मी त्याला सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता होती. “मग मीठ कोण चाखणार?” त्याने विचारलं.

हा प्रश्न मला तोवर सुचला नव्हता. बायको खात नाही, लेक खात नाही, पाच वर्षांचा मुलगा पास्त्याखेरीज काही खात नाही. मित्राला बोलवावं, तर तो शनिवारी ड्यूटीवर.

मशरूमच्या फळीसमोर मी दहा मिनिटं उभा होतो. बटण, कप, फ्लॅट, स्विस ब्राउन. चार नावं, चार भाव. कार्डावर नुसतं ‘मशरूम’. काही कमी पडू नये म्हणून चारी घेतले. लेकीने घरी येऊन शोधून काढलं की ही चारी एकाच जातीच्या अळंबीची रूपं आहेत. बटण लहानपणीचं, फ्लॅट म्हातारपणचं आणि स्विस ब्राउन म्हणजे तीच जरा सावळी. एकाच घरातल्या माणसांना मी वेगवेगळं आमंत्रण देऊन आलो होतो.

बार्ली म्हणजे आपले जव. आईच्या लेखी या धान्याचे उपयोग दोनच : होम आणि लघवीची जळजळ. लहानपणी उन्हाळी लागली की रॉबिन्सनच्या डब्यातल्या बार्लीचं पाणी प्यावं लागायचं, त्यामुळे ते नाव ऐकलं की मला अजूनही आजारी असल्यासारखं वाटतं. ऑस्ट्रेलियात मात्र बार्ली ही मोठी असामी आहे. चीनने मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर ८०.५ टक्के जकात लावली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उठवली. तीन वर्षं दोन सरकारं या धान्यावरून तोंड फिरवून बसली होती. असं धान्य कार्डावर फक्त पाऊण कप लिहिलेलं. मी पिशवी घेतली पाचशे ग्रॅमची.

राहिलं भांडं. आमच्या घरातल्या कुठल्याही पातेल्यात बीफ शिजवायचं म्हणजे आईला त्या पातेल्यातलं पुढचं काहीच चालणार नाही. आईने असं कधी म्हटलेलं नाही, पण म्हणायची वेळ आणायची नव्हती. म्हणून एका ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या दान केलेल्या वस्तूंच्या दुकानातून, बारा डॉलरचा स्लो कुकर आणला. चांगला टुणटुणीत होता. फक्त बटणाभोवतीची अक्षरं घासून गेली होती. तीन खुणा होत्या : एक मंद, एक जोरात, एक नुसतं ऊब देणारं. कुठलं कुठलं, ते आधीच्या मालकाला माहीत.

शनिवारी सकाळी सात वाजता, चार अंश थंडीत, मी कुकर गराजमध्ये गाडीशेजारी मांडला आणि मांस परतायला मागच्या अंगणात बार्बेक्यूच्या तव्याशी उभा राहिलो. कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं, मांस पिठात घोळवून थोडं थोडं परतायचं, गर्दी करायची नाही. मी गर्दी केली. सगळे तुकडे एकदम पडल्यावर त्यांनी पाणी सोडलं आणि खरपूस व्हायच्या ऐवजी ते आपल्याच रसात करडे होऊन पोहू लागले. मी चिमट्याने एकेक उचलून बाजूच्या ताटात ठेवत होतो, तेवढ्यात कुंपणावर कुकाबुरा येऊन बसला. या पक्ष्याला बार्बेक्यूवरचं मांस उचलायची सवय असते, हे मला माहीत होतं. पण तो इतका गंभीर चेहरा करून बसला होता की मला वाटलं, मोठ्या घरचा आहे. तो सुळ्ळकन खाली आला, ताटातला सर्वांत मोठा तुकडा उचलला, कुंपणावर दोनदा आपटला, गिळला आणि मग हसला. तो हसतोच तसा, जातीचा आवाज आहे, हे मान्य. तरी पिंडाला कावळा शिवल्यावर जसं हायसं वाटतं तसं काहीसं मला वाटलं. निदान एकाने तरी चाखलं. मीठ कसं आहे ते मात्र त्याने सांगितलं नाही. मी ते घातलंच नव्हतं.

कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र, टोमॅटोची पेस्ट, रस्सा. मग मशरूम. लिओनगाथ्याच्या भीतीने मी ते तीनदा धुतले, जणू पाण्याने विश्वासार्हता वाढते. मग बार्ली. पाऊण कप मोजून हातात घेतली तर अगदीच केविलवाणी दिसत होती. आमच्या घरी भात लावताना माणसांचा हिशोब झाल्यावर एक मूठ जास्तीची घालतात, अचानक आलेल्या पाहुण्याची. ती घातली. मग वाटलं, आजी आजारी, त्यांचा मुलगा बेंडिगोहून आलेला, त्याची एक. शिळा ठेवून रविवारी खातील, त्याची एक. पिशवीत उरली तेवढी ठेवून करायचं काय? आईला जळजळ नव्हती.

कुकरचं बटण मंदवर ठेवलं. म्हणजे, मी ज्या खुणेला मंद समजत होतो तिच्यावर.

साडेअकराला वसईकराचा फोन आला. “आवाज ऐकव,” तो म्हणाला. मी फोन झाकणाशी धरला.

“अरे, हा तर खदखदतोय! हा स्ट्यू शिजत नाहीये, हा उकळतोय. बटण दुसरीकडे फिरव.”

“कुठल्या दुसरीकडे?”

“मी जीलाँगला आहे,” तो म्हणाला.

फिरवलं. झाकण उघडून पाहिलं तर रस्सा नव्हता. सकाळी जिथे दीड बोट तरंगणारा रस्सा होता तिथे बार्लीचे टपोरे दाणे खांद्याला खांदा लावून वर आले होते, सभेला जमल्यासारखे. मी दोन कप पाणी घातलं. बार्ली प्याली. आणखी दोन घातले. तेही. लेकीने हिशोब करून दाखवला : ही बार्ली शिजून तिप्पट-चौपट होते, म्हणजे मी टाकलेली अडीच कप आता साडेसात ते दहा कप होणार आणि कुकर एकूण केवढा, ते बाबा तुम्हीच बघा. दुपारी दोनच्या सुमारास झाकण एका बाजूने वर उचललं गेलं. मी त्यावर गाडीची जुनी बॅटरी ठेवली.

आता मीठ. मी घरात गेलो. आई खिडकीतल्या उन्हात वाती वळत बसली होती. मी सहज विषय निघाल्यासारखं विचारलं, “आई, नैवेद्याचा स्वयंपाक तर चाखत नाहीत. मग मीठ बरोबर पडलं हे कळतं कसं?”

आईने वात मांडीवर ठेवली. “माप ठरलेलं असतं रे. आणि हाताला कळतं. तरी शंका असली तर उकळी आल्यावर वाफ नाकाला लावून बघायची. अळणी असेल तर वाफ गोडूस येते.”

“आणि खारट असेल तर?”

“खारट झालं तर वासाने कळून उपयोग काय?”

मी उठलो. दाराशी पोचेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “कुठल्या देवाचा आहे?”

“काय?”

“गराजमधला. चातुर्मासात माझं कांदा-लसूण बंद झालंय, नाक नाही. सकाळपासून मोठ्याचं शिजतंय तिथे.” गावाकडे बीफला ‘मोठ्याचं’ म्हणतात, हे मी आईच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी काहीतरी सांगू लागलो, वेगळं भांडं, गराज, घराबाहेर, अंगणात. तिने हात केला. “त्या बाईसाठी आहे ना? मग चोरून कशाला? मिरजेला आपल्या पलीकडे कोण राहायचं? त्यांच्या ईदच्या डब्यातलं आपण शिरखुर्मा ठेवायचो, बाकीचं तसंच परत द्यायचो. तोंडावर सांगून. ते हसायचे, आपण हसायचो.”

तोंडावर सांगून. पाच वर्षांपूर्वी रात्री साडेआठला कचऱ्याच्या डब्याशी हे कुणी मला सांगितलं असतं तर शनिवार मोकळा मिळाला असता.

मग आई शाल लपेटून गराजमध्ये आली. गाडीच्या या बाजूलाच उभी राहिली, पदर नाकाला. मला झाकण उघडायला सांगितलं. मी बॅटरी उतरवली तेव्हा तिने ती का ठेवली होती हे विचारलं नाही, याबद्दल मी तिचा कायम ऋणी आहे. वाफ वर आली. तिने पदर दोन बोटं बाजूला केला, क्षणभर थांबली, पुन्हा लावला.

“पार अळणी. आणि हे काय आहे?”

“स्ट्यू.”

“हे? हे तर डावाला उभं राहतंय.” ती घरात गेली, मिठाच्या बरणीतून तळहातावर मीठ घेऊन आली, कुकरकडे एकदा पाहून त्यातलं थोडं परत मुठीत दाबलं आणि उरलेलं माझ्या तळहातावर ओतलं. “तू टाक. माझा हात लागायला नको.” मग दाराशी वळून म्हणाली, “आता वरून काही घालू नकोस. पाणी नको, मीठ नको, बुद्धी तर नकोच.”

आजी रात्रीच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. या गावात नवा असताना त्यांनी “सहाला टीला ये” म्हटल्यावर मी पोटभर जेवून, बिस्किटांचा पुडा घेऊन गेलो होतो आणि समोर लँब रोस्ट आलं होतं. या वेळी मी नेमका सहाला पोचलो. कुकर दोन हातांत, कारण स्ट्यू आता ओतता येण्याच्या पलीकडे गेला होता. दार आजींच्या मुलाने उघडलं. प्लंबर आहे, साडेसहा फूट, हात म्हणजे फावडी.

“बीफ, बार्ली आणि मशरूम!” मी जाहीर केलं.

त्याने कुकरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग अगदी सावकाश, चेहऱ्यावरची रेष न हलवता विचारलं, “मशरूम कुठून आणलेस, मेट?”

हा चेष्टेचाच सूर आहे, हे कळायला मला इथे दहा वर्षं लागली होती. त्या क्षणी ती दहाही गेली. आतून आजींचा आवाज आला, त्यांचा स्वर मात्र खरोखर काळजीचा होता. “ते पाइनच्या जंगलातले तर नाहीत ना? फोटोतले?”

“सुपरमार्केटचे!” मी ओरडलो. “पावती आहे!” कुकर त्याच्या हातात देऊन मी धावत घरी आलो. पावती स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत, गाजराच्या सालींखाली सापडली. चार ओळी, चार प्रकारचे मशरूम, चार भाव. ओली पावती घेऊन परत धावलो. मुलाने ती दिव्याखाली धरून वाचली, मान हलवली, कौतुकानेच म्हणावं लागेल. आणि स्वयंपाकघरातून तीन वाट्या, तीन चमचे घेऊन आला.

“चल, पहिला घास तुझा,” तो म्हणाला.

त्या दहा आठवड्यांच्या खटल्यात ज्या गोष्टींचा कीस पडला त्यांतली एक ही होती, की स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी स्वतः काय खाल्लं. हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. मी वाटीकडे पाहिलं. वाटीतला स्ट्यू माझ्याकडे पाहत होता.

“मी... मी बीफ खात नाही,” मी म्हणालो.

त्या शांततेत भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मुलाने चमचा खाली ठेवला. आजी उशीवरून थोड्या उठल्या.

“पण बाळा,” त्या म्हणाल्या, “तू तर माझ्या स्ट्यूचा...”

मी सगळं सांगितलं. २०२०, संचारबंदी, पाच किलोमीटर, साडेआठ, कचऱ्याचा डबा, बार्लीचं वेगळं कौतुक. काहीच लपवलं नाही; लपवायला काही उरलंही नव्हतं. बोलता बोलता मला कळलं की मी आजींना पहिल्यांदाच नावाने हाक मारतोय, न खोकता.

आजी आधी गप्प होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या इतक्या हसल्या की खुबा दुखला, मुलाने उशी सरकवली, तरी थांबेनात. डोळे पुसत म्हणाल्या, “आणि मला वाटलं, तू बार्ली घालणार नाहीस! तू म्हणालास ना, बार्लीची काळजी माझी?”

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना सिलिॲक या आजाराचं निदान झालं. ऑस्ट्रेलियात साधारण ७० माणसांत एकाला असतो म्हणतात, आणि पुष्कळांना तो आहे हे माहीतही नसतं. त्यांना ऐंशीव्या वर्षी कळलं. गहू, राय आणि बार्ली कायमची बंद. त्या दिवशी माझा हात हातात घेऊन त्या हेच सांगू पाहत होत्या, आणि मी म्हणालो होतो, तुम्ही काही बोलू नका.

तर हिशोब असा होता. बीफ मला चालत नव्हतं, बार्ली त्यांना चालत नव्हती, आणि मशरूम त्या आठवड्यात अख्ख्या व्हिक्टोरियात कुणालाच चालत नव्हते. पायाशी त्यांचा कुत्रा आशेने शेपटी हलवत बसला होता. मी त्याच्याकडे वळलो, तर प्लंबर म्हणाला, “कांदा आहे ना त्यात? कुत्र्यांना विष असतं.”

मी आजींसाठी घरून वरण-भात आणला, फोडणी न घालता, वर तूप. आईने भांडं देताना काही विचारलं नाही. कुकर तिथेच राहिला.

रविवारी सकाळी कुंपणावरून प्लंबरने हाक मारली. कुकर धुऊन पुसून आणला होता, आणि रिकामा नव्हता. आत त्यांच्या झाडाची लिंबं होती. स्ट्यू त्याने रात्री खाल्ला, दोन वाट्या. उरलेला सकाळपर्यंत इतका घट्ट झाला की सुरीने वड्या पाडून तव्यावर लोण्यात तळल्या, वर अंडं. स्ट्यू म्हणायचं की नाही याबद्दल त्याची काही मतं होती, ती इथे छापण्यासारखी नाहीत. पण जाता जाता तो वळला आणि म्हणाला, “मीठ मात्र एक नंबर होतं, मेट. अगदी बरोब्बर. आईला कधी जमलं नाही तेवढं.”

आई खिडकीत वाती वळत होती. “काय म्हणाला रे तो?”

“म्हणाला, मीठ अगदी बरोबर होतं.”

“मग?” आई म्हणाली आणि कापूस पुढे ओढला.